मागं कोण हाय

यंदाही भात पिवळं पडलं आणि पौडच्या हवेत तो वास आला. गोडसर, कोरडा, घशाला जरा खाजवणारा. सकाळी धुकं इतकं की समोरचा बांध दिसत नाही, आणि दुपारी ऊन असं की पाठ भाजून निघते. या दिवसांत लोकांना दिवाळीचा फराळ आठवतो, पाहुणे आठवतात. मला आठवतं ते एका म्हाताऱ्या माणसाचं तोंड हुंगणं. होय, हुंगणंच. आणि तो म्हातारा माझा बाप होता.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मी पिरंगुटच्या एका कंपनीत माल तपासते. सुटे भाग येतात, मी मापं घेते, खोट सापडली की लाल चिठ्ठी लावून बाजूला काढते. हा भाग चांगलाच असेल असं धरून मी कधी चालत नाही. तसं धरलं तर माझी नोकरीच कशाला हवी? ही सवय घरीही आली. दूधवाला, भाजीवाली, सोसायटीचा वॉचमन, मिस्टरांचा फोन, माझ्या तावडीतून कुणी सुटलं नाही. माझी आई म्हणायची, नंदे, तुला सोनं फुकट दिलं तरी तू दगडावर घासून बघशील. आई गेली. मी अजून घासतेच आहे.

आणि आप्पा. आप्पा एसटीत कंडक्टर होते. पौड डेपोतून सुटणाऱ्या गाड्या, मुळशी धरणाच्या कडेकडेची वळणं, ताम्हिणीचा रस्ता. सुट्टीत मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्यांना बघायची. गाडी वळणावर कलली की सगळी माणसं दांड्याला लोंबकळायची, टोपल्या घसरायच्या, एखादं पोर ओकायचं. आप्पा मात्र मधोमध उभे. एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात पंच, गुडघे जरासे सैल. दांडा धरायला तिसरा हात होता कुठं? एखादी म्हातारी कळवळून म्हणायची, मास्तर, धरा की कायतरी. आप्पा म्हणायचे, दांडा पाशिंजरासाठी आसतो. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटायचा.

असा माणूस डुलतोय, असं मला गेल्या वर्षी फोनवर कळलं. तेव्हा मी बावधनला राहत होते आणि आप्पा पौडला आमच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत एकटे. फोन शेजारच्या इंदूमावशीचा. तीच आमचं एकुलतं एक भाताचं खाचर वाट्यानं करते. तिनं आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, तुजा बाप दिसाढवळ्या झोकांड्या खातोय, लोकं बोलाय लागली, येऊन बग.

आप्पांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शिलाला, मद्यापासून दूर राहण्याच्या, त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. वस्तीतल्या पिणाऱ्या पोरांची त्यांनी चारचौघांत शोभा केलेली होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी इंदूमावशीचा फोन ठेवल्यावर माझ्या मनात काय आलं? बायको गेली की माणूस बिघडतो, असं आलं. मला लाज वाटायला पाहिजे होती, पण ती वाटायला पुढं दोन महिने लागले.

पौडला पोचले. आप्पा खाटेवर बसलेले, चेहरा कोरा, डोळ्यांची उघडझाप नाही, आवाज बारीक. मला वाटलं, उतरल्यावर माणूस असाच दिसतो. चहा देण्याच्या निमित्तानं मी वाकले आणि त्यांच्या तोंडाजवळ श्वास घेतला. तंबाखूचासुद्धा वास नव्हता. आप्पांच्या ध्यानात आलं. हळू, एकसुरी आवाजात म्हणाले, “हुंगतीस काय? कुत्रं हायेस का?” मी काहीतरी थाप मारली. ते आत गेल्यावर पोत्यांमागं, माळ्यावर, मोरीच्या फळीखाली बाटली शोधली. मिळाली नाही, तेव्हा माझा संशय कमी झाला म्हणता? वाढला. म्हटलं, लपवायला शिकलेत.

पुण्यातल्या डॉक्टरांनी त्यांना चालवून, हात वळवून, बोटं आपटायला लावून बघितलं आणि पार्किन्सन म्हणून सांगितलं. मी लगेच आडवी गेले. हात तर थरथरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचे थरथरत नाहीत, काहींचा आधी तोल जातो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, मागं पडण्याची भीती असते. गोळ्या चालू झाल्या. आणि तोल तपासून व्यायाम घ्यायला बावधनच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली.

तिथल्या श्वेता मॅडम. अकोल्याच्या, दिसायला कॉलेजातली पोर, पाटीवर मात्र डॉक्टर. म्हटलं, ही काय तपासणार? हातात स्टॉपवॉच, जमिनीवर निळी चिकटपट्टी. खुर्चीतून उठा, पट्टीपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा. मग डोळे मिटून उभं राहा. मग जाड मऊ गादीवर उभं राहा. मग टाचेला अंगठा लावत एका रेषेत चाला. ते बघून माझ्या अंगावर काटा आला, कारण नाक्यावर पोलीस पिलेल्या माणसाला असंच चालवतात. आप्पांनाही तेच आठवलं असणार. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले.

शेवटची तपासणी सगळ्यात वाईट. मॅडम आप्पांच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि खसकन मागं ओढलं. मी खुर्चीतून उठलेच. अहो, म्हाताऱ्या माणसाला पाडता काय? त्यांनी आप्पांना धरलेलंच होतं. शांतपणे म्हणाल्या, मी सांगून ओढते, ते किती पावलांत सावरतात ते बघते, आणि पडायला लागले तर धरायला मी आहेच. मी म्हटलं, एवढ्याशा तुम्ही, त्यांना काय धरणार? त्या म्हणाल्या, म्हणून तर मी भिंतीला पाठ देऊन उभी आहे. बघितलं तर खरंच त्यांच्या मागं भिंत होती. पण आप्पांनी धसका घेतला तो घेतलाच. त्या पुन्हा मागं गेल्या की ते विचारायचे, “मागं कोण हाय?” आणि हात शेजारच्या खुर्चीकडे जायचा.

मॅडमनी सांगितलं, दोन महिने व्यायाम करू, दर गुरुवारी मी पौडला घरी येईन, मग पुन्हा तपासू. आप्पांनी एकटं राहणं धोक्याचं आहे का, ते तेव्हा ठरवू. एवढंच. पण परत जाताना रिक्षात माझी जीभ घसरली. आप्पा बाहेर बघत गप्प बसलेले, मला त्यांच्या गप्प बसण्याचाच राग आला. म्हटलं, नीट व्यायाम करा, नापास झालात तर सेंटरला ठेवावं लागेल. सेंटर म्हणजे आमच्याच रस्त्यावरचं, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं. मी ते आधीच बघून आले होते. बाग आहे, खिडक्या मोठ्या आहेत. भूगाव आलं तेव्हा आप्पा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “म्हंजे तू जागा बगून ठिवलीस.” मी नाही म्हटलं नाही. बापाचं घर सुटणार की राहणार, हे मी एका परीक्षेवर टांगून ठेवलं, आणि परीक्षकही मीच झाले.

तेव्हा कापणी चालू झाली होती. रजा टाकून मी आठवड्यातले तीन दिवस पौडला असायची. विळ्यांचा खसखस आवाज, कापलेल्या जागी उघडी पडलेली ओली माती, पायाला टोचणारे भाताचे खुंट. उन्हं वर आली की आप्पा खाचराकडे जायचे. आणि इथंच माझ्या संशयाला चांगलं खाद्य मिळालं. घरात हा माणूस दारापाशी येऊन खिळायचा. उंबऱ्याच्या अलीकडे दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे. वरचं अंग पुढं, पाय मागंच. मिनिट, दोन मिनिटं. मी हाताला धरून ओढलं की आणखी घट्ट. आणि तोच माणूस बांधावर? वाळायला आडव्या टाकलेल्या भाताच्या पेंढ्या तो एकेक करून ओलांडत जायचा, टाकोटाक, पाय उचलून. मी पेंढ्याच्या गंजीमागं उभी राहून चोरून बघितलं. एकदा नाही, तीनदा, आणि कंपनीतल्यासारखं कागदावर टिपूनही ठेवलं.

इंदूमावशी विळा थांबवून म्हणाली, “बांदावर हरीण आन् दारात पुतळा. सोंग हाय गं हे, लेक जवळ ऱ्हावी म्हून.” मला ते शंभर टक्के पटलं. गुरुवारी मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की या आजारात असंच होतं. समोर आडवी पेंढी दिसली की डोळ्याला खूण मिळते, पाय उचलला जातो. मोकळ्या जमिनीवर किंवा दाराच्या चौकटीत ती खूण हरवते. म्हणून तर त्या चिकटपट्ट्या लावायला सांगत होत्या. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, तुमची फी चालू राहण्यासाठी तुम्ही असंच सांगणार.

मॅडमनी आमच्या ओटीवर दारापर्यंत आडव्या पट्ट्या चिकटवल्या. त्यानं थोडा फरक पडला. मग त्यांनी टाळीचा व्यायाम चालू केला. म्हणाल्या, काहींना आवाजाच्या तालावर चालणं सोपं जातं. आप्पा खाटेपासून निघायचे, मॅडम एक टाळी द्यायच्या, आणि आप्पा थांबायचे. जागच्या जागी, खाडकन. चला आप्पा, म्हणून पुन्हा टाळी. पाऊल उचलायला आलेले आप्पा पुन्हा थांबायचे. पट्ट्यांवर बरा चाललेला माणूस टाळी ऐकली की दगड. तीन गुरुवार हेच. मॅडमनी वहीत लिहिलं की आवाजाच्या खुणेनं त्रास वाढतो आहे. माझ्याकडे बघून जरा काळजीच्या आवाजात म्हणाल्या, पुढच्या तपासणीत कठीण दिसतंय. आप्पांनी ते ऐकलं. मला वाटलं, मुद्दाम करतोय हा माणूस, हट्टानं, मला धडा शिकवायला.

त्याच आठवड्यात आप्पा खाचरावर गेलेले असताना मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. बाटलीच शोधत होते, खोटं कशाला बोलू? गोळ्या चालू होत्या, आजाराचं नाव कळलेलं होतं, डॉक्टरांनी समजावलं होतं, तरी. पेटीच्या तळाशी, जुन्या खाकी गणवेशाच्या खाली, तीन पँटी होत्या. नीट घडी घातलेल्या. तिन्हींचे गुडघे फाटलेले, चिखल वाळून घट्ट झालेला, एकीवर रक्ताचा डाग. धुतलेल्या नव्हत्या, कारण दोरीवर वाळत घातल्या असत्या तर मला दिसल्या असत्या. किती वेळा पडला असेल हा माणूस? उठला कसा असेल, एकटा? दारू पिणारा माणूस बाटली लपवतो. माझा बाप पडणं लपवत होता. मी पेटीपाशी बसून रडले. आधी रडले ते त्यांच्या गुडघ्यांसाठी, नंतर स्वतःच्या नाकासाठी.

आप्पा आल्यावर पँटी समोर ठेवून विचारलं, सांगितलं का नाहीत. त्यांनी एका पँटीवरचा वाळलेला चिखल नखानं खरवडला. मग म्हणाले, “तू लिवून घितीस. तुजा कागुद भरला की माजं घर गेलं. तुजा माज्यावर इस्वास न्हाई नंदे, मग म्या तुज्यावर कुटनं ठिवू?” कंपनीत वीस-बावीस वर्षं मी लोकांच्या मालाला चिठ्ठ्या लावल्या. माझ्यावर पहिली चिठ्ठी बापानं लावली आणि ती बरोबर होती.

पुढच्या गुरुवारी, तपासणीच्या आधीचा शेवटचा व्यायाम. मॅडमनी टाळी दिली, आप्पा थांबले. पुन्हा टाळी, पुन्हा थांबले. मॅडम दमल्या होत्या. जरा चिडूनच म्हणाल्या, आप्पा, टाळी वाजली की चालायचं, थांबायचं नाही. आप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू हिलाच काही कळत नाही.

“बाई, एक वाजली की थांबायचं आसतं,” ते म्हणाले.

मॅडमना काही कळलं नाही. त्यांनी वहीत बघितलं. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. एसटीच्या छताला ती लांब दोरी असते ना, कंडक्टर ओढतो ती? एक घंटी म्हणजे थांब. दोन घंट्या म्हणजे चल. तेहतीस वर्षं या माणसानं एका घंटीवर गाडी थांबवली आणि दोन घंट्यांवर सोडली. दिवसातून शंभर वेळा. कुणी विचारलं नाही, आणि त्यांना वेगळं सांगावं असं वाटलं नाही, कारण एवढं तर कुणालाही माहीत असतं. ते हट्ट करत नव्हते. आम्ही तीन गुरुवार त्यांना थांबा थांबा म्हणत होतो आणि ते मुकाट्यानं थांबत होते.

मी उठून दोन टाळ्या दिल्या. लागोपाठ.

आप्पा निघाले. पाऊल उचललं, टाकलं, उचललं. पट्ट्या संपल्या, दार आलं, मी पुन्हा दोन दिल्या आणि ते उंबरा ओलांडून अंगणात. तिथं कोंबड्या पांगल्या. मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले, मग खाली बसून वहीतल्या मागच्या तीन गुरुवारांवर काट मारली. मला त्या पोरीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. आपलं लिहिलेलं खोडणारी माणसं मी कंपनीत फार पाहिलेली नाहीत.

पण म्हणून आप्पा बरे झाले असं कुणी समजू नये. हा आजार मागं फिरत नाही, तो पुढंच जातो, आणि दोन टाळ्या रोज लागू पडतात असंही नाही. तपासणीत ते चालण्यात पास झाले. मागून ओढल्यावर मात्र सावरता आलं नाही. पावलं पडत गेली आणि मॅडमनी धरलं नसतं तर पाठीवरच गेले असते. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, एकटं ठेवू नका, चालताना कुणीतरी मागं हवं. दवाखान्याबाहेर येऊन आप्पांनी विचारलं, “मंग, कवा जायाचं सेंटरात?” मी म्हटलं, तुम्ही नाही, मी येतेय पौडला. पिरंगुट तिकडूनही जवळच आहे, आणि मी कामावर असताना इंदूमावशी आहेच. मिस्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग तेही आले.

तुम्हाला वाटेल, बापाला आनंद झाला असेल. छे. आप्पांना वाटलं, पोरगी घरावर डोळा ठेवून आली. घराचे कागद त्यांनी उशीखाली घेतले. माझ्या हातचा चहा आधी वास घेऊन प्यायचे. आणि मी काय बोलणार? खाण तशी माती. रोज सकाळी मी त्यांच्या पाठीमागं उभी राहायची, मॅडमनी शिकवलं तसं, माझी पाठ भिंतीला, हात त्यांच्या खांद्यांजवळ पण न लावता. ते विचारायचे, मागं कोण हाय? मी म्हणायची, मी, नंदा. की त्यांचा हात स्वयंपाकाच्या ओट्याची कड घट्ट धरायचा. मॅडम असल्या की हात सुटायचा. माझ्यासाठी सुटायचा नाही. वर्षभर हे चाललं. रडून झालं, भांडून झालं, मग मी नुसतीच उभी राहू लागले.

आता पुन्हा कापणी आली आहे. आप्पांची पावलं आणखी आखूड झाली आहेत, गिळताना ठसका लागतो, खाचरापर्यंत जाणं बंद झालं आहे. इंदूमावशी मूठभर लोंब्या आणून त्यांच्या हातात देते, ते दाणा दाताखाली चावून बघतात आणि मान हलवतात. ते मान हलवतील म्हणून वाट बघायची तिची पद्धत मला हल्ली फार आवडते. मागच्या वर्षीच्या तिच्या बोलण्याचा राग अजून आहे, पण तो निम्मा माझ्यावरचाच आहे.

परवा सकाळी धुकं होतं. आप्पा ओट्यापाशी उभे, मी मागं, गॅसवर दूध. त्यांनी काही विचारलं नाही. एकदम त्यांचे दोन्ही हात ओट्यावरून सुटले आणि सबंध माणूस माझ्यावर आला. न सांगता, न बोलता, सरळ मागं. माझी पाठ भिंतीवर आपटली, पण मी धरलं. काखेत हात घालून, छातीशी धरलं. किती हलका झालाय हा माणूस, हेच आधी जाणवलं. दूध उतू गेलं ते गेलंच. मी घाबरून विचारलं, आप्पा, काय झालं, चक्कर आली का?

“काय न्हाई,” ते माझ्या खांद्यावर डोकं तसंच ठेवून म्हणाले. “बगत हुतो, धरतीस का.”

आता खरं काय? ते मला तपासत होते, की खरंच तोल गेला आणि पडलो म्हणायची लाज वाटून तसं म्हणाले? ज्यानं तीन पँटी पेटीत लपवल्या, त्याला एक पडणं वाक्यामागं लपवायला असं किती अवघड? दिवसभर कंपनीत माझं डोकं तेच उलटंपालटं करून बघत होतं. गुडघे आधी वाकले का? हात सुटले की सोडले? रात्री जेवताना विचारायचं असं ठरवलं, आणि विचारलं नाही. ते वरण-भात खात होते, मी पाण्याचा तांब्या सरकवला.

आज गुरुवार. मॅडम आल्या, वही उघडली आणि नेहमीसारखं विचारलं, या आठवड्यात आप्पा पडले का? मी झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आप्पा खाटेवर बसून ऐकत होते. मॅडमनी पेन थांबवून मला विचारलं, मग हे तोल गेला म्हणून लिहू, का आप्पांनी स्वतः केलं म्हणून लिहू? तुम्ही मागं होतात, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हटलं, “ते म्हणतात तेच लिहा.”